गुलाबरावाच्या हवाली गावच्या बकऱ्या

गुलाबराव तीनदा जेलात जाऊन आला आणि तिन्ही वेळा बकरीपायी. खून नाही, दरोडा नाही, मोठ्या लोकांचे असतात तसले घोटाळे नाहीत. बकरी. उंद्री गावात कोणी नव्या माणसाला हे सांगायला लागलं की ऐकणारा आधी हसतो. मग कोणीतरी सांगतं की तिसऱ्या वेळेला पठ्ठ्याची पावणेदोन वर्षं गेली बुलढाण्याच्या जेलात, तेव्हा कुठं त्याचं हसू आवरतं.

हाताला मात्र देणगी होती. त्याची चार बोटं बकरीच्या जबड्याखाली गेली की बकरी मुकी व्हायची. ओरडायची नाही, पाय झाडायची नाही, डोळे अर्धे मिटून त्याच्या खांद्यावर मान टाकायची. असा हात देवानं एखाद्या जनावरांच्या डॉक्टरला द्यायचा की नाही? दिला या बहाद्दराला! बाजूला बाज टाकून झोपलेल्या माणसाला पत्ता लागायचा नाही आणि बकरी खामगावच्या बाजारात पोचलेली असायची.

जेलात दुपारी जेवणं झाली की सगळ्यांना मोजून बराकीत बंद करायचे. गुलाबराव भिंतीकडे तोंड करून पडायचा. उंच खिडकीतून उन्हाचा एक पट्टा यायचा, आणि त्या पट्ट्यातून त्याला बकऱ्या येताना दिसायच्या. एक आली, दोन आल्या, पांढरी, तांबडी, कानावर ठिपका असलेली. तो मोजत राहायचा आणि मोजता मोजता त्याचा डोळा लागायचा. गंमत अशी की सुटून घरी आला की हेच उलटं व्हायचं. घरात पडला की ती भिंत दिसायची, तो पट्टा दिसायचा, कोणीतरी नावं पुकारतंय असं वाटायचं. आत होता तेव्हा बाहेरची स्वप्नं, बाहेर आला तेव्हा आतली. आपण नक्की कुठं जागे होतो, हे त्याला सांगता आलं नसतं.

तिसऱ्यांदा सुटून आला तेव्हा बायको, कलाबाई, दारात उभी होती. रडली नाही. शेतमजुरीनं तिचे हात फुटलेले होते, तेच कमरेवर ठेवून बोलली.

"अजी, आयका. पयल्यांदा गेले, मी डबा घेऊन आली. दुसऱ्यांदा गेले, आली. तिसऱ्यांदाबी आली. आता चौथ्यांदा गेले त मी भेटीले येनार नायी, आन सुटून आले त हे दार उघडनार नायी. रागानं नायी सांगून राह्यली. थकली मी."

गुलाबराव "हाव" म्हणाला.

आता माणूस सुधारायचं म्हणतो, पण सुधारायला जागा लागते की नाही? दोन महिने त्याला कोणी कामावर बोलावलं नाही. सोयाबीनच्या मळणीला माणसं कमी पडली तरी नाही. कोणाची कोंबडी दुपारपर्यंत दिसली नाही तर बाया आधी त्याच्या घराकडे बघायच्या, मग उकिरड्याकडे. कोंबडी उकिरड्यावरच असायची, पण गुलाबरावाची माफी कोण मागणार! गुलाबराव ओट्यावर बसून राहायचा आणि उन्हाचा पट्टा सरकताना बघायचा. त्याला कधी कधी वाटायचं, आत निदान सकाळ-संध्याकाळ आपलं नाव तरी कोणी घेत होतं.

अशात तानुबाईचे गुडघे गेले. तानुबाईनं तीस वर्षं गावच्या बकऱ्या चारल्या होत्या. पद्धत अशी की चारणारानं सकाळी आखरावर उभं राहायचं. आखर म्हणजे गावाबाहेरची जनावरं गोळा व्हायची मोकळी जागा. तिथून हाक द्यायची. घरोघरच्या बाया नुसतं दार उघडतात, बकऱ्या आपल्या आपण निघून आखरावर येतात. कोणी सोडायला येत नाही, कोणी आणायला जात नाही. संध्याकाळी आखरावर आणून सोडल्या की आपापल्या दारी जातात. तानुबाईनं काठी खाली ठेवली आणि पंधरा दिवस गावच्या बकऱ्या घरात बसून वाळका पाला चघळत राहिल्या. कोणी पुढं येईना. ज्याला येत होतं, त्याला कोण विचारणार?

विचारलं गुलनार चाचीनं. आणि ऐका, तिसऱ्या वेळेला गुलाबरावानं जी काळी बकरी नेली होती, ती याच गुलनार चाचीची. एकटी विधवा बाई, घरात एक नात, आणि तोंड असं की सरपंचानंही वाट बदलावी.

"गुलाब," ओट्यासमोर उभी राहून ती म्हणाली, "उद्यापासून माह्या दोन बकऱ्या तू नेजो."

"मी, चाची?"

"मंग कोन, कलेक्टर? बकऱ्या सुकून राह्यल्या माह्या. चांदी गाभन हाय. तुह्या हातात काय हाय ते माह्याइतकं कोनाले ठाऊक? काळी नेली तवा मी चार हातावर झोपली होती, हूं का चूं आयकू नायी आलं."

गुलाबरावाची मान खाली गेली. "लोक काय म्हनतीन?"

"लोक आपल्या बकऱ्याचं पायतीन. मले तुहं घर ठाऊक हाय, पळून जाशीन कुठं?"

दुसऱ्या दिवशी आखरावर दोन बकऱ्या आल्या. आठवड्यानं नऊ झाल्या. गावाचं असंच असतं, पहिलं पाऊल दुसऱ्या कोणाला तरी टाकावं लागतं. महिना झाला तेव्हा गुलाबरावाच्या काठीपुढं सदतीस बकऱ्या चालत होत्या.

काय ते दिवस होते! तुरी निघून गेलेल्या, शेतं मोकळी, सकाळी धुकं इतकं की पुढच्या बकऱ्या नुसत्या घुंगरांनी कळायच्या. मग हळूहळू ऊन यायचं आणि धुक्यातून एकेक बकरी जणू आत्ताच तयार होऊन बाहेर पडायची. दुपारी नाल्याच्या काठी पळसाखाली सगळ्या रवंथ करत बसायच्या. गुलाबराव त्यांच्यात बसायचा. डोळे उघडे ठेवले तरी स्वप्न आणि मिटले तरी तेच. जेलातल्या उन्हाच्या पट्ट्यातून यायच्या त्या बकऱ्या आता त्याच्या गुडघ्याला अंग घासत होत्या. त्याला भीती वाटायची ती एकाच गोष्टीची, की एकाएकी नाव पुकारलं जाईल आणि डोळ्यांपुढं ती भिंत असेल.

अशाच एका दुपारी चाचीची नात हीना रानात आली. चिखलीच्या कॉलेजात समाजकार्य शिकत होती. हातात कागद असला की हीना एकदम पुण्याची भाषा बोलायची.

"काका, आमच्या अभ्यासाचा विषय आहे, सुटून आलेल्यांपैकी किती जण पुन्हा तुरुंगात जातात. तुमच्या अनुभवात शंभरातले किती?"

"शंभर म्या कुठं पाह्यले बाई. माह्या बराकीतून अकरा जन सुटले त्या वर्षी. मी निंघेपर्यंत चार वापस आले. त्यातला एक त बाराव्या दिवशी. म्हने, गावात बसाले कोनी सतरंजी टाकली नायी, अथी निदान झोपाची जागा त माही हाय."

हीनानं लिहून घेतलं. मग पेन तसंच धरून तिनं विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही पुन्हा जाल असं वाटतं?"

"मले काऊन इचारतं वो? गावाले इचार. माह्या एकट्याच्या हातात असतं त मी तिसऱ्यांदा गेलोच नसतो."

बोलणं ऐकायला छान आहे. हीनानं तर खाली रेघ मारली. पण मी सांगतो, ते अर्धं खरं होतं आणि अर्धी पळवाट. काळीच्या जबड्याखाली बोटं गावानं घातली नव्हती. गुलाबरावालाही ते माहीत होतं, म्हणून हीना गेल्यावर तो बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत बसला.

आणि पळवाट कशी असते ते आठ दिवसांतच दिसलं. नाल्यापलीकडच्या कच्च्या रस्त्यावर एक छोटी गाडी येऊन थांबली. चंद्रशेखर उतरला, मेहकरचा. गुलाबराव बकऱ्या चोरून आणायचा तेव्हा त्या बाजारात पोचवायचं काम या चंद्रशेखरचं. गुलाबराव तीनदा आत गेला, हा एकदाही नाही. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट.

"वा बे गुल्या! सदतीस! आन त्याबी गावानं सोताहून देल्या!" तो हसत सुटला. "चोराची गरजच नायी राह्यली आता. मी काय म्हन्तो, एक देजो. जास्त नायी. गावात सांगजो बिबट्यानं नेली. रान जवळच हाय, कोन पायते?"

गुलाबरावानं नाही म्हणायला हवं होतं. चोख, तोंडावर. पण हा मूग गिळून बसला! जुनी ओळख, जुना धाक, की काय होतं देव जाणे. अखेर म्हणाला, "पाहू."

अरे माणसा, पाहू काय पाहू? त्या एका शब्दासाठी त्याला पुढं धरून हलवावं वाटतं. चंद्रशेखर "इचार कर" म्हणून निघून गेला. गुलाबरावानं त्या संध्याकाळी बकऱ्या तीनदा मोजल्या, सदतीसच्या सदतीस भरल्या. त्याला वाटलं, झालं, टळलं.

चांदी व्यायली, दोन पिल्लं झाली. पिल्लं घरी ठेवून ती पुन्हा रानात यायला लागली. आणि एका दुपारी, उन्हं जराशी कलली असताना, पळसाच्या बुंध्याला टेकलेल्या गुलाबरावाचा डोळा लागला. पक्की झोप. झोपेत तो बराकीत होता, माणसं रांगेत उभी होती, आणि मोजणारा पुन्हा पुन्हा म्हणत होता, एक कमी आहे, एक कमी आहे. गुलाबराव ओरडून सांगत होता, मी आहे ना, मला मोजा. त्याचा आवाज कोणाला ऐकू जात नव्हता.

दचकून जागा झाला तेव्हा सगळ्या बकऱ्या एका ठिकाणी अंग चोरून उभ्या होत्या, कान ताठ, एकीचंही घुंगरू वाजत नव्हतं. त्यानं मोजल्या. छत्तीस. पुन्हा मोजल्या. चांदी नव्हती. नाल्यात खाली दगडांवर पांढऱ्या केसांचा पुंजका सापडला, पुढं रक्ताचे दोन-तीन थेंब, आणि करवंदीच्या जाळीपाशी तुटलेल्या पट्ट्यासकट घुंगरू. पुढं नुसता खडक, त्यावर पंजा काय उमटणार! ते घुंगरू गुलाबरावानं उचलून हातात घेतलं.

बिबट्यानं नेली होती. खरोखर नेली होती. आणि सांगायचं कसं? चंद्रशेखरनं शिकवलेलं वाक्य जसंच्या तसं खरं होऊन त्याच्यापुढं उभं राहिलं होतं.

त्याच्या मनात पहिला विचार आला पळायचा. तुम्हाला खोटं कशाला सांगू? बकऱ्या आखराकडे हाकलायच्या, त्या जातील आपल्या घरी, आणि आपण नाल्यानाल्यानं रस्ता गाठायचा. मग पोलीस, मग ती भिंत, तो पट्टा. चौथ्यांदा. त्या विचारात एक प्रकारची गुंगी होती, थकलेल्या माणसाला अंथरूण दिसावं तशी. पण छत्तीस बकऱ्या त्याच्याकडे बघत उभ्या होत्या आणि घाबरलेल्या बकऱ्या हाकलून जात नाहीत, त्यांच्या पुढं चालावं लागतं. तो पुढं चालला.

आखरावर बकऱ्या सोडून तो थेट गुलनार चाचीच्या दारात गेला. आतून पिल्लं ओरडत होती. त्यानं घुंगरू उंबऱ्यावर ठेवलं.

"चाची, चांदी गेली. बिबट्यानं नेली. मी झोपलो होतो."

शेजारच्या बाया गोळा झाल्या, माणसं आली. कलाबाई धावत आली आणि गर्दीच्या कडेला थबकली. आता शहाण्या माणसानं इथं गप्प बसायचं. पण एकदा उघडलेलं गुलाबरावाचं तोंड काही मिटेना.

"आनखी आयका. मेहकरचा चंद्रशेखर आलता रानात. म्हने, एक बकरी मले दे आन गावात बिबट्याचं नाव सांग. म्या नायी म्हनलं नायी त्याले. 'पाहू' म्हनलो. चांदी त्याले देल्ली नायी, पन 'पाहू' म्हनलो होतो, ते तुमाले मालूम पायजे."

झालं! गर्दीत एकच गलका उडाला. कोणी म्हणालं, घ्या, कबूलच केलं की यानं. कोणी म्हणालं, ठाण्यात फोन लावा. चार माणसं बॅटरी घेऊन नाल्याकडे जाऊन आली. म्हणाली, रक्त आहे, पण रक्त काय, कोंबडीचंही असतं. घुंगरू तर चोरालाही काढता येतं. कलाबाईनं कपाळाला हात लावला आणि ती घराकडे चालू लागली. सगळ्यांनी मग चाचीकडे पाहिलं, बकरी तिची होती. चाचीनं घुंगरू उचललं आणि दार लावून घेतलं. तिच्या तोंडून शिव्यांचा पाऊस पडला असता तर बरं झालं असतं, असं गुलाबरावाला वाटलं.

सकाळी तो उठला, काठी घेतली. कलाबाई चुलीपाशी होती. तिनं विचारलं, "कुठं?"

"आखरावर."

"कोनी सोडनार नायी आज."

"ठाऊक हाय."

तिनं फडक्यात भाकर बांधून त्याच्या हातात दिली. दार तिनं लावलं नाही, हे त्यानं वळून पाहिलं.

आखरावर धुकं होतं. गाव दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. त्यानं हाक दिली. घराघरांतून बकऱ्या ओरडायला लागल्या, आतल्या आत दाराला शिंगं घासायला लागल्या, पण एकही दार वाजलं नाही. त्यानं पुन्हा हाक दिली. आपण झोपेत आहोत आणि आवाज कोणाला जात नाही, असं त्याला पुन्हा वाटलं. धुक्यात आपलेच पाय त्याला दिसत नव्हते. किती वेळ गेला कोण जाणे.

मग धुक्यातून पावलं आली. पुढं गुलनार चाची, पदरात एक पिल्लू. मागं हीना, तिच्या छातीशी दुसरं. पिल्लांचे आवाज बसून गेले होते.

"बाटलीनं पीत नायी हे," चाची म्हणाली. डोळे लाल होते तिचे. "हीनानं अर्धी रात पाजून पाह्यलं, तोंडच उघडत नायी. चांदी हातची गेली, आता हे बी मरतीन. दुसऱ्या बकरीले लाव यायले. तुह्याबिगर कोनाले जमते ते?"

गुलाबरावानं पिल्लू घेतलं. ते थरथरत होतं. "दुधाची बकरी पायजे, चाची. पुष्पांजलीच्या तांबडीले चार रोजाचं पिल्लू हाय. पन तिचं दार..."

चाचीनं पुढचं ऐकलंच नाही. गल्लीच्या तोंडाशी जाऊन तिनं दारावर थाप मारली आणि तो आवाज अर्ध्या उंद्रीनं ऐकला. "पुष्पांजली! दार उघड वो! बकरी माही गेली का तुही? मी रडत नायी न तू काऊन दार लावून बसली? लेकरं उपाशी हायेत!"

दार उघडलं. तांबडी धावत आखरावर आली. गुलाबरावानं तिचं थोडं दूध हातावर काढून दोन्ही पिल्लांच्या पाठीवर, शेपटीखाली चोळलं, चार बोटं तिच्या जबड्याखाली ठेवली आणि गुडघ्यानं पिल्लू पुढं सरकवलं. तांबडीनं एकदा हुंगलं. पाय झाडायला उचलला. मग डोळे अर्धे मिटून तिनं गुलाबरावाच्या खांद्यावर मान टाकली. पिल्लानं ढुशी दिली आणि त्याची शेपटी थुईथुई हलायला लागली. हीना खुदकन हसली आणि रडायलाच लागली.

तांबडीच्या मागोमाग आणखी दारं वाजली. सगळी नाही. गाव एका सकाळीत विरघळत नसतं. गुलाबरावानं मोजल्या, एकोणीस. बाकीची दारं बंद राहिली, त्यातली काही आजही बंद आहेत, आणि ठाण्यातून एक शिपाई दुपारी विचारपूस करायला आला तो आलाच.

दोन्ही पिल्लं पोटं भरून चाचीच्या पदरात गेली. गुलाबरावानं काठी उचलली आणि एकोणीस बकऱ्या घेऊन तो धुक्यात चालायला लागला. आपल्यामागं लोक काय म्हणत असतील, चाचीच्या मनात काय असेल, चोराचा हात कामाचा म्हणून पिल्लं दिली की माणूस म्हणून, हे त्याला कोण सांगणार होतं?

तेवढ्यात मागून हाक आली, तीच खणखणीत.

"गुलाब! आज झोपू नको बे!"

तो जागच्या जागी उभा राहिला. तिनं झोप खरी मानली होती. झोप खरी, म्हणजे बिबट्याही खरा. सबंध रात्र दार लावून बसलेल्या त्या बाईनं त्याच्यावर विश्वास ठेवला होता आणि आता ती त्याला रागावत होती. घरच्या माणसाला रागावावं तशी, धडधडीत, सगळ्या गावादेखत.

"नायी झोपत, चाची!" तो ओरडला. मग पन्नाशीचा तो गडी बकऱ्यांमध्ये उभा राहून लहान पोरासारखा हमसून हमसून रडला.